पगारातून देणगी: आधी संमती, मग हिशेब

आमच्या कार्यालयात पगारातून दरमहा देणगी कापण्याची योजना नव्याने आखली जात आहे. लेखा विभागात असल्यामुळे तिचा आराखडा माझ्यासमोर आला. त्यात किती टक्के कर्मचारी सहभागी व्हावेत याचे उद्दिष्ट आधी ठरवले होते आणि संमतीपत्राचा विचार नंतर केला होता. हा क्रम मला मान्य नाही.

२०१८ च्या महापुरानंतर केरळ सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना एक महिन्याचा पगार मदतनिधीला देण्याचे आवाहन केले आणि ज्यांना तो द्यायचा नसेल त्यांनी तसे लेखी कळवावे, अशी अट घातली. उच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्या आदेशात हस्तक्षेप केला नाही. पूरग्रस्तांची गरज खरी होती, यात शंका नाही. परंतु वरिष्ठांसमोर नकार नोंदवावा लागत असेल, तर त्या देणगीला स्वेच्छेची म्हणता येत नाही. म्हणून होकार लेखी घ्यावा, मौन म्हणजे नकार समजावा आणि कोणी किती दिले याची यादी विभागप्रमुखांपर्यंत जाऊ देऊ नये.

ब्रिटनमध्ये १९८७ पासून अशी देणगी कर आकारण्यापूर्वीच्या पगारातून वजा होते, त्यामुळे करसवलत देणाऱ्याला आपोआप मिळते. आपल्याकडे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०जी खाली बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मर्यादेच्या अधीन राहून मिळत आली आहे, पण नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना ती मिळत नाही. केवळ कर वाचतो असे सांगून सहभाग वाढवण्याचे दिवस त्यामुळे सरत आले आहेत. तरीही जुन्या प्रणालीतील सहकाऱ्यांचे नुकसान होऊ नये, यासाठी आमच्या विभागाने काटेकोर राहिले पाहिजे. कंपनीने सर्वांची रक्कम एकत्र पाठवली आणि सोबत प्रत्येकाचे नाव, पॅन व रक्कम कळवली नाही, तर वजावटीसाठी लागणारे देणगीचे प्रमाणपत्र संस्था प्रत्येकाच्या नावे देणार कशी?

याहून महत्त्वाचा मला संस्थेकडून येणारा हिशेब वाटतो. पगारचिठ्ठीवर दरमहा कपातीची ओळ दिसते, पण त्या पैशांतून कोणत्या गावातील वसतिगृहाचे धान्य भरले किंवा कोणत्या दवाखान्याची औषधे आली, हे कोणी कळवत नाही, आणि माझ्या मते देणारे हळूहळू थांबतात ते याच कारणाने. संस्था कर्मचाऱ्यांनीच सुचवाव्यात, त्यांची नोंदणी व लेखापरीक्षण आम्ही तपासावे आणि संस्थेने दर सहा महिन्यांनी मराठीत एक पानाचा अहवाल द्यावा, असा प्रस्ताव मी मांडला आहे. कर्मचारी देतील तेवढीच भर कंपनीने आपल्या खिशातून घालावी, मात्र कर्मचाऱ्यांचे पैसे स्वतःच्या सामाजिक दायित्वाच्या खर्चात मुळीच दाखवू नयेत. किमान रक्कम पन्नास रुपये असावी, म्हणजे शिपायालाही सहभागी होता येईल, आणि कपात थांबवायची असल्यास कारण न विचारता पुढच्याच पगारापासून ती थांबवली जावी.