मोतीबागचा खलाशी

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

सकाळी विशाखापट्टणमहून परत आलो. बॅगा अजून पुढच्या खोलीत तशाच पडल्या आहेत, पेपरांचा गठ्ठा टेबलावर वाट पाहतो आहे. तरी आधी हे लिहून काढते. चार दिवस गेले की निम्मं विरून जाईल.

बाबा रेल्वेत लागले तेव्हा त्यांच्या कागदावर हुद्दा होता ‘खलाशी’. शेडमध्ये फिटरच्या हाताखाली काम करणाऱ्याला रेल्वेत खलाशीच म्हणतात. दुसरीत असताना बाईंनी वडिलांचं काम विचारलं, मी सांगितलं खलाशी, आणि बाईंनी मोठ्या कौतुकानं विचारलं, कोणत्या जहाजावर? मी गप्प बसले. घरी येऊन बाबांना विचारलं तर ते म्हणाले, “सांग त्यांना, आपलं जहाज रुळावर चालते.” नागपूरच्या मोतीबाग नॅरोगेज शेडमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. ७६२ मिलिमीटरचा तो अरुंद रूळ, नागभीडकडे आणि छिंदवाड्याकडे जाणाऱ्या गाड्या, झेडडीएम जातीची डिझेल इंजिनं. निवृत्त झाले ते सीनियर फिटर म्हणून, पण जुने सोबती अजून त्यांना खलाशीच म्हणतात.

या खलाशानं समुद्र पाहिला तो वयाच्या शहात्तराव्या वर्षी. परवा.

खरं तर त्यांना समुद्र नाही, विक्रांत पाहायची होती, आपल्या नौदलाची जुनी विमानवाहू युद्धनौका. १९७१ च्या डिसेंबरात ते एकवीस वर्षांचे होते. घरी रेडिओ नव्हता, म्हणून शेजारच्या घराच्या ओट्यावर बसून बातम्या ऐकायचे. नौदलानं कराची बंदरावर हल्ला केला ती बातमी, आपली युद्धनौका खुकरी बुडाली ती बातमी, आणि विक्रांतवरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर बॉम्ब टाकल्याची बातमी. पुढे कुठून तरी त्यांना कळलं की त्या वेळी विक्रांतच्या बॉयलरला तडे गेलेले होते, पूर्ण वेगानं धावणं तिला शक्य नव्हतं आणि तशाच अवस्थेत तिला युद्धात उतरवलं होतं. झालं. तेव्हापासून विक्रांत त्यांची झाली. आजारी इंजिन रेटून मुक्कामाला नेणं काय असतं ते त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

१९९७ साली विक्रांत सेवेतून निवृत्त झाली आणि २००१ मध्ये मुंबईत तिचं संग्रहालय सुरू झालं. “एकदा जाऊन येऊ,” बाबा म्हणाले. मीही म्हणाले, जाऊ. मग माझी डीएडची परीक्षा, मग लग्न, मग आईचं आजारपण, मग माझा मुलगा लहान. प्रत्येक कारण खरं होतं. २०१२ मध्ये जहाज धोकादायक झालं म्हणून संग्रहालय बंद केलं आणि २०१४ मध्ये ते मोडीत निघालं. पेपरात तो फोटो आला त्या सकाळी बाबांनी पेपर घडी करून ठेवला आणि बागेला पाणी घालायला गेले. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

विक्रांतचं थोडं पोलाद २०१६ साली आलेल्या बजाज व्ही या मोटरसायकलमध्ये वापरलं. आमच्या गल्लीत एकाकडे ती गाडी आहे. संध्याकाळी फिरून येताना बाबा तिच्या टाकीवर क्षणभर तळहात टेकवतात. ते मी गॅलरीतून किती तरी वेळा पाहिलं आहे.

म्हणून यंदा दिवाळीच्या सुटीत कोणाला न विचारता तिकिटं काढली. विशाखापट्टणम का, तर १९७१ मध्ये गाझी ही पाकिस्तानी पाणबुडी तिथं आली होती ती विक्रांतलाच शोधत. विक्रांत आता नाही, पण तिच्या गोष्टीचं ते दुसरं टोक अजून जागेवर आहे.

गोंदिया, रायपूर, मग ओडिशाचे डोंगर. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं रायगड्यापर्यंत पुरलं. समुद्राजवळ पोचलो तेव्हा अंधार पडला होता. समुद्र दिसण्याआधी ऐकू आला. बाबा कठड्याशी उभे राहून बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, “हे बंद होतच नाही काय?”

दुसऱ्या दिवशी आयएनएस कुरसुरा पाहिली. रामकृष्ण बीचवर वाळूतच ही पाणबुडी काढून ठेवली आहे, एक्याण्णव मीटर लांब, काळी. सोव्हिएत बनावटीची, फॉक्सट्रॉट वर्गातली. १८ डिसेंबर १९६९ रोजी नौदलात दाखल झाली, १९७१ मध्ये युद्धाच्या कामगिरीवर होती, २७ फेब्रुवारी २००१ रोजी निवृत्त झाली आणि २००२ मध्ये लोकांसाठी उघडली. एकतीस वर्षांत ७३,५०० सागरी मैल. तिच्या बहिणींची नावं कलवरी, खंदेरी आणि करंज. खंदेरी म्हणजे थळच्या समुद्रातला महाराजांचा जलदुर्ग, हे मी मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग किल्ला पाण्याखाली गेला म्हणायचा! मला ते फार आवडलं.

आत सात कप्पे आहेत. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल झरोक्यासारखं लोखंडी दार, त्यातून आधी पाय, मग डोकं. बाबांचे गुडघे दुखतात, मी म्हणाले तुम्ही बाहेर बसा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दाराच्या वरची दांडी धरून, अंग तिरकं करून सरळ आत. इंजिनाखाली शिरायची चाळीस वर्षांची सवय ती.

पहिल्या कप्प्यात टॉर्पेडोच्या नळ्या. पुढे सहा, मागे चार, आणि एकूण बावीस टॉर्पेडो घेऊन ही निघायची. त्या टॉर्पेडोंच्या शेजारीच झोपायच्या फळ्या. पंचाहत्तर माणसं आत राहायची. गोडं पाणी मोजून मिळायचं, आंघोळ विसरायची. स्वयंपाकघर आमच्या देवघरापेक्षा थोडं मोठं असेल. तिथं मी थांबले. रोज पंचाहत्तर जणांचं जेवण, बंद हवेत, डिझेलच्या वासात. त्या आचाऱ्याला कोणतं पदक मिळालं असेल का, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

पण खरी भेट झाली ती पाचव्या कप्प्यात. तीन डिझेल इंजिनं शेजारी शेजारी, मधून एका माणसापुरती वाट. माहिती सांगायला नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, तेलुगू वळणाची हिंदी बोलणारे. त्यांचं पाठ झालेलं सांगणं चालू होतं आणि लोक फोटो काढत पुढे सरकत होते. बाबा हलले नाहीत. त्यांनी इंजिनाच्या अंगावर हात ठेवला आणि विचारलं, “पानी के नीचे ये चलता नहीं होगा. हवा किधर से खींचेगा?”

ते गृहस्थ थांबले. मग त्यांनी बाबांना नीट निरखलं आणि विचारलं, आप किस ब्रँच से? बाबा म्हणाले, “रेल्वे. नॅरोगेज. डिझेल.” त्यानंतर पंधरा मिनिटं आम्ही दोघं मायलेक नुसते श्रोते होतो.

मला समजलं तेवढं लिहून ठेवते. डिझेलला हवा लागते, म्हणून ही इंजिनं फक्त पाण्यावर असताना चालतात, किंवा पृष्ठभागाच्या जरा खाली राहून नाकासारखी एक नळी वर काढली तर. तेव्हा ती बॅटऱ्या भरून घेतात. खोल गेलं की इंजिनं बंद आणि बॅटरीवर मोटारी चालू. म्हणजे पाण्याखालचा सगळा जीव त्या बॅटऱ्यांवर. बॅटरी भरताना हायड्रोजन सुटतो, तो साचला तर एका ठिणगीनं सगळं संपेल, म्हणून हवा खेळती ठेवायची. आणि काही दिवसांत वर यायचंच. शत्रूला सापडायची भीती तेव्हाच. बाबा मध्येच म्हणाले, बॅटरीत पाणी कोण पाहायचं? गृहस्थ छातीवर बोट ठेवून म्हणाले, मीच. आणि दोघं हसले. बॅटरीत पाणी टाकणारी दोन माणसं, एक समुद्राखालची, एक कामठी रोडवरची. मला तिथं रडू आलं. अंधार होता म्हणून कोणाला दिसलं नाही.

आपल्याकडे युद्धाच्या वस्तू मांडल्या की तोफ, नेम, पल्ला, बुडवलेली जहाजं यांचे फलक लागतात. ते लागावेतच. पण जे यंत्र एकतीस वर्षं चाललं, त्याचे बहुतेक दिवस तेल पुसण्यात, बोल्ट आवळण्यात, काटे पाहण्यात गेले. त्या दिवसांबद्दल सांगणारा माणूस तिथं उभा आहे म्हणून कुरसुरा जिवंत वाटते. त्यांच्यासारखे लोक आहेत तोवर त्यांचं बोलणं कोणी तरी शब्दशः टिपून घ्यावं असं मला फार वाटतं.

रस्त्याच्या पलीकडे टीयू-१४२ विमान. पन्नास मीटरचे पंख, चार इंजिनं, प्रत्येकाला एकामागे एक असे दोन पंखे आणि ते परस्परविरुद्ध फिरणारे. १९८८ ते २०१७ अशी एकोणतीस वर्षं समुद्रावर गस्त घालून पाणबुड्या शोधायचं याचं काम. ज्या पाणबुडीत आत्ता आम्ही होतो तसल्यांचा हा शिकारी. मुलाला हे सगळ्यात आवडलं. वायुसेनानगरवरून जाणारी विमानं बघत वाढलेला मुलगा तो, त्याची मान आपोआप वर जाते. पाण्यात सोडायची सोनोबॉय पाहिली: विमानातून टाकायची, तिनं पाण्यातले आवाज ऐकायचे आणि वर कळवायचे. बाबा इथं बाकावर बसून राहिले. त्यांचं मन पाचव्या कप्प्यातच होतं.

विशाखा म्युझियममध्ये धावतपळत गेलो. तिथं दुसऱ्या महायुद्धात या शहरावर पडलेला, पण न फुटलेला जपानी बॉम्ब आहे. ६ एप्रिल १९४२ ची गोष्ट. बाकी दालनं नीट पाहायला वेळ राहिला नाही.

संध्याकाळी ‘व्हिक्टरी ॲट सी’ या स्मारकाशी बसलो. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री याच किनाऱ्यासमोर गाझी बुडाली. विक्रांत इथंच आहे असं शत्रूला वाटावं म्हणून राजपूत या जुन्या विनाशिकेकडून फसवे संदेश पाठवले होते, आणि विक्रांत तेव्हा अंदमानकडे सुखरूप होती. आपलं नौदल सांगतं की राजपूतनं टाकलेल्या डेप्थ चार्जनी, म्हणजे पाण्याखाली जाऊन फुटणाऱ्या स्फोटकांनी, गाझी गेली, पाकिस्तान म्हणतं आतल्याच अपघाती स्फोटानं. ती अजून तिथंच तळाशी आहे, आत नव्वदच्या वर माणसं. मी बाबांना म्हणाले, त्यांनी तुमच्या विक्रांतला शोधत इतक्या लांबून यावं आणि… पुढं काय म्हणायचं ते मला सुचलं नाही. बाबा समुद्राकडे पाहत म्हणाले, “त्यांच्यातही कोणी बॅटरीत पाणी टाकणारा असंनच ना.”

शुक्रवार, रात्री

आज दुपारी बाबा म्हणाले, चाल, मोतीबागला जाऊन येऊ. घरापासून पायी पंधरा मिनिटं, पण आम्ही तिथं मिळून शेवटचं कधी गेलो ते आठवत नाही. नॅरोगेजचं संग्रहालयही २००२ चंच, कुरसुराच्या वर्षीचं. छिंदवाड्याचा नॅरोगेज रूळ २०१५ मध्ये बंद झाला, नागभीडचा २०१९ मध्ये, आणि आता हे डबे, ही इंजिनं इथं झाडांखाली उभी आहेत. एका शाळेची सहल आली होती. पोट्टे इंजिनावर चढून फोटो काढत होते. बाबांनी एकाला हाक मारली, “अरे बाप्पा, फोटो काढून राहिला, आधी हे चालते कसं ते तर विचार.” पोरगं थांबलं. मग दुसरं आलं. मग सात-आठ जणं जमली. बाबांनी चाकाशी वाकून, काठीनं दाखवत त्यांना सांगायला सुरुवात केली. मी फोनवर ध्वनिमुद्रण चालू करून पिशवीत ठेवून दिला. अठ्ठावीस मिनिटं झालं आहे. पक्ष्यांचा आवाज फार आला आहे, पण बाबांचा शब्द न् शब्द ऐकू येतो.

परत येताना कडबी चौकात चहा घेतला. तिथं बाबांना सांगितलं की गोव्यात बोगमाळोला नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. तिथं सी हॉक आहे, अलिझे आहे. १९७१ मध्ये विक्रांतवरून उडाली ती याच जातीची विमानं.

बाबांनी कप खाली ठेवला. “विक्रांतवर उतरायची तीच?”

तीच, म्हणाले. आणि तिथून खाली कारवारला किनाऱ्यावर चपळ नावाची क्षेपणास्त्र नौकाही ठेवली आहे, तीही होईल.

“उन्हाळ्यात जाऊ मग. तुझी सुटी लागल्यावर.”

मी उन्हाळ्यापर्यंत थांबणार नाही. आत्ता, हे लिहिण्याआधी, जानेवारीतली तिकिटं काढली. तीन जागा, त्यातली एक खालची.