३१ सेंटीमीटर

लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी ३० सेंटीमीटरची, आणि मला मोजायचे होते ३१. रात्री साडेअकराला बाथरूमच्या आरशाला पाठ करून, मान वळवून, एका हाताने शेपटा ओढून धरत मी तो उरलेला एक सेंटीमीटर करंगळीच्या नखाने भरून काढत होते. नवरा दात घासायला आला.

"काय मोजतेयस?"

"केस."

"का?"

"सांगते नंतर."

त्याने ब्रश तोंडात घातला आणि विषय संपला. बारा वर्षांच्या संसारात माणूस काय विचारू नये ते बरोबर शिकतो.

मोजमापाचा निकाल असा: शेंड्यापासून वर ३१ सेंटीमीटर मोजले की पट्टी थेट मानेच्या हाडापाशी पोचते. म्हणजे द्यायचे तर सगळेच द्यायचे. थोडे देऊ, थोडे ठेवू, असला मधला मार्ग माझ्या डोक्यावर शिल्लक नव्हता.

हे ३१ कुठून आले ते सांगते. मी राहते टोक्योत, आणि इथे जपानात ओसाकाला 'जपान हेअर डोनेशन अँड चॅरिटी' नावाची संस्था आहे, २००९ पासूनची. कॅन्सरच्या उपचारांमुळे, अलोपेशिया या केस गळण्याच्या आजारामुळे किंवा भाजल्या-कापल्याने ज्यांचे केस गेलेत अशा १८ वर्षांखालच्या मुलांना ती खऱ्या केसांचे विग फुकट देते. विग करताना केस जाळीच्या टोपीवर एकेक करून गाठवतात, आणि गाठ मारायची तर केस दुमडावा लागतो. त्यामुळे दिलेली सगळी लांबी डोक्यावर दिसत नाही, म्हणून किमान ३१ सेंटीमीटर मागतात. एका विगला साधारण तीस ते पन्नास जणांचे केस लागतात हे वाचलं, तेव्हा मी पट्टी खाली ठेवून जरा वेळ कमोडच्या झाकणावर बसले. मला वाटत होतं माझा शेपटा म्हणजे एका मुलीचा विग. तसं काही नाही. माझा शेपटा म्हणजे भिशीतला एक हप्ता.

रंगवलेले चालतात, पर्म केलेले चालतात, पांढरेसुद्धा चालतात. सगळ्यांचे केस एकत्र करून त्यांच्यावर प्रक्रिया होते, मग एकसारखा रंग देतात. म्हणजे कानामागच्या माझ्या चार-पाच चंदेरी तारांनाही प्रवेश होता. एकच अट कडक: केस पूर्ण कोरडे हवेत. ओले पाठवले तर बुरशी येते, आणि तो गठ्ठा वाया जातो.

पण खरं तर ही सुरुवात बाथरूममध्ये नाही, क्योतोत झाली. मागच्या शरद ऋतूत आई-बाबा आले होते तेव्हा आम्ही स्टेशनजवळच्या हिगाशी होंगान्जी देवळात गेलो. लाकडी देऊळ, अवाढव्य. दोन मुख्य सभागृहांना जोडणाऱ्या ओसरीत काचेच्या पेटीत एक दोरखंड वेटोळं घालून ठेवलाय. लांबून मला नारळाच्या काथ्याचा वाटला. जवळ गेले तर काळपट, तपकिरी, मध्येच एखादा धागा चमकणारा. बायकांच्या केसांचा दोर! १८६४ च्या आगीत देऊळ जळलं. १८८० ते १८९५ अशी पंधरा वर्षं ते पुन्हा उभारत होते. छपराच्या राक्षसी तुळया ओढताना साधे दोर तुटायचे, म्हणून गावोगावच्या बायकांनी केस कापून दिले आणि ते तागाबरोबर वळून दोर केले. असे ५३ दोर आले होते म्हणे. पेटीतला आहे तो ६९ मीटरचा.

बाबा माहितीचा फलक लेकीकडून वाचून घेत होते. आई मात्र काचेला नाक लावून उभी. बराच वेळ. मग म्हणाली, "कुणाकुणाचे असतील गं?" आणि लगेच, "एवढी गुंतवळ माझ्या आईनं साठवली असती तर अख्खं भांड्याचं दुकान आलं असतं घरी."

ज्यांना गुंतवळ माहीत नाही (माझी लेक, उदाहरणार्थ) त्यांच्यासाठी: विंचरल्यावर फणीत जे केस येतात त्यांची बोटाभोवती गुंडाळून केलेली गोळी. सांगलीच्या घरी आजी ती कधी फेकायची नाही. न्हाणीघराच्या कोनाड्यात डालड्याचा जुना डबा होता, त्यात दाबून भरायची. महिन्या-दोन महिन्यांनी डोक्यावर टोपलं घेतलेली बाई गल्लीत ओरडत यायची. केसांवर सुया, पिना, आम्हाला फुगे, आणि डबा अगदी गच्च असला तर एखादी वाटी. आजी त्या बाईशी अशी घासाघीस करायची की जणू सोनं मोडतेय. तिच्या तरुणपणी घरातल्या गुंतवळीचंच गंगावन व्हायचं, आणि लग्नकार्यात ज्या बाईचे केस विरळ तिच्या अंबाड्यात ते जायचं. एकीचे केस दुसरीच्या डोक्यावर जाणं आमच्या घराला नवं नाही, हे मला क्योतोच्या ओसरीत उभी असताना पहिल्यांदा लक्षात आलं.

तरी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नाही."

नुसतं नाही. रविवारची सकाळ, तिच्याकडे साडेसात, माझ्याकडे अकरा. पाठीमागे कुकरची शिट्टी. मी ३१ सेंटीमीटर, ओसाका, लहान मुलं, सगळं धडाधडा सांगून टाकलं, आणि पलीकडून फक्त गॅस बंद केल्याचा आवाज.

"दान करायचं तर पैसे पाठव."

"पैसेही पाठवीन. त्यांना ते लागतातच, नुसत्या केसांचा विग होत नाही."

"मग झालं की. केस कशाला?"

बाबा मागून म्हणाले, "तिरुपतीला दिले असते तर बोलली असतीस का?" त्यावर आई त्यांना जे म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बाबांच्या बोलण्यात तथ्य होतं. तिरुमलाला वाहिलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं आणि ते जगभरच्या विगांच्या बाजारात जातात. केस शेवटी कुणाच्या तरी डोक्यावरच जाणार, मध्ये देव असला की आईची हरकत नाही. नातीचं जावळ काढताना तर हीच बाई सगळ्यांत पुढे ताट धरून बसली होती.

दोन दिवसांनी तिचाच फोन आला आणि तेव्हा खरं काय ते निघालं. तिच्या आजीची एक थोरली बहीण होती. अकराव्या वर्षी विधवा झालेली, लाल आलवणातली. आईने तिला अगदी लहानपणी पाहिलंय. डोक्यावरचा पदर सरकला की ती दोन्ही हातांनी झाकायची, एवढंच आईला आठवतं. "आपल्याकडे बाईचे केस कापले जायचे ते कशासाठी, तुला माहितीय ना? आणि तू हौसेनं जाऊन बसतेयस."

मला काही सुचेना. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायला नकार दिला, हे मी शाळेत शिकले होते. परीक्षेत लिहून मार्कही मिळवलेत. पण तो नकार आमच्या घरातल्या त्या बाईपर्यंत पोचला नव्हता हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "आई, तिला कुणी विचारलं नव्हतं. मी मला विचारतेय." हे वाक्य तेव्हा मला फार भारी वाटलं. आईला नाही वाटलं. "बघ बाई," म्हणाली आणि ठेवला फोन.

आणि आता जे कुणाला बोलले नाही ते. मला केस कापायचेच होते. चार वर्षांपासून. निशी-कासाईहून मी तोझाई लाइनने ऑफिसला जाते. टोक्योत सगळ्यांत चेंगराचेंगरी ज्या गाड्यांत होते त्यांतली ही एक. तिथे माझा शेपटा एकदा एका काकांच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकला आणि आम्ही दोघं एकमेकांची माफी मागत तीन स्टेशनं तसेच उभे होतो. मोरीच्या जाळीतले केस दर दोन दिवसांनी मीच काढते. जूनमध्ये इथे पाऊस लागला की महिना-दीड महिना कपडे वाळत नाहीत तिथे केस काय वाळणार. रोज रात्री चाळीस मिनिटं ड्रायर. अंबाडा घातला की दुपारी चारला डोकं दुखायला लागतं. पण 'कंटाळा आला म्हणून कापले' हे सांगलीत सांगता येत नाही. 'आजारी मुलांसाठी दिले' हे सांगता येतं. म्हणजे त्या मुलांवर मी उपकार करत होते की ती माझ्यावर, याचा हिशेब तुम्हीच करा. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर एका ताईंना कळलं तेव्हा "केवढा त्याग!" असा मेसेज आला, हात जोडलेल्या चार इमोजींसकट. मी फोन उलटा ठेवला.

आणखी एक गोष्ट मध्ये आली आणि माझा बेत आठवडाभर लांबला. ही संस्था स्वतःच म्हणते की विग लागलाच पाहिजे असं नाही, असा समाज त्यांना हवाय. विग फुकट वाटणारेच असं म्हणतात! आधी मला ते कोड्यात टाकल्यासारखं वाटलं. मग लेकीच्या शाळेचा वर्ग डोळ्यांसमोर आणला. सारख्या पिवळ्या टोप्या, सारखी दप्तरं, सारखी काळी डोकी. २०१७ साली ओसाकाच्या एका विद्यार्थिनीने शाळेवर दावा लावला होता, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे तिचे जन्मजात तपकिरी केस तिला काळे करून यायला सांगत होते. जिथे तपकिरी चालत नाहीत तिथे टक्कल घेऊन एखाद्या मुलीने मधल्या सुट्टीत कसं वावरायचं? विग घालावासा वाटणं हे त्या मुलीचं असतं की वर्गाचं? उत्तर काही मिळालं नाही. पण नऊ वर्षांच्या मुलीने वर्गाला सुधारत बसावं आणि आपण बाहेरून टाळ्या वाजवाव्यात, हेही पटेना. तिला नको असेल तर ती घालणार नाही. हवा असेल तर असावा.

शनिवारची वेळ घेतली. शुक्रवारी रात्री आईचा व्हिडिओ कॉल. "तेल तरी लावलंस का शेवटचं?"

सलूनवाल्याने सांगितलं होतं, तेल-बिल काही नको, स्वच्छ धुऊन या. पण आईला कोण सांगणार. खोबरेलाची निळी बाटली काढली. लेक स्टुलावर चढली, फोन पुस्तकांना टेकवून उभा केला, आणि सांगलीहून सूचना सुरू झाल्या. "मुळाशी लाव, मुळाशी. वरवर नको. बोटांनी, तळव्यानं नाही. भांग पाड आधी." लेकीच्या हातून तेल माझ्या कानात, टी-शर्टवर, फोनच्या काचेवर. आई ओरडत होती आणि हसतही होती. मग मी रात्री बारा वाजता दोनदा शांपू केला, सकाळी पुन्हा एकदा, आणि तास-दीड तास ड्रायर. तरी उशीला तो वास होताच.

सलूनमधला मुलगा पंचविशीचा असेल. त्याने केसांचे आठ भाग केले, प्रत्येकाला रबर लावलं, वर-खाली मोजपट्टी धरली. कापडाची मोजपट्टी, १५० सेंटीमीटरची. मला माझी करंगळी आठवली. पहिली बट त्याने माझ्याच हातात कात्री देऊन कापायला लावली. मला वाटलं होतं कच्चकन आवाज येईल आणि झालं. तसं होत नाही. जुडीएवढे केस एका फटक्यात कापले जात नाहीत, पालेभाजीच्या देठांसारखे करकरतात, कात्री सरकते, पुन्हा धरावी लागते. पाच-सहा वेळा. आठही बटा समोर टॉवेलवर ओळीने मांडल्या. त्या माझ्या आहेत असं अजिबात वाटलं नाही, आणि त्याचंच जरा आश्चर्य वाटलं.

कोरडे केस कापून झाल्यावर उरलेले धुतात. इथे धुताना तोंडावर पातळ कापड टाकतात, म्हणजे त्या मुलाला माझं तोंड दिसत नाही आणि मला छत. नंतर ठरलेला प्रश्न: कुठे खाज येतेय का? इतक्या वर्षांत या प्रश्नाला "हो, जरा डाव्या कानामागे" असं उत्तर देणारा माणूस मी पाहिलेला नाही. मीही "ठीक आहे" म्हणाले. कापडाखाली डोळे भरले होते ते कुणाला दिसले नाहीत, आणि केस धुऊन होईपर्यंत थांबलेही.

खाली फरशीवर मापात न बसलेल्या तुकड्यांचा ढीग होता. त्याने तो झाडूने सुपलीत घेतला आणि कचऱ्यात टाकला. आजीने बघितलं असतं तर त्याला सोडलं नसतं. किमान एका वाटीचा माल.

आठ बटा पोस्टाच्या लाल पाकिटात घालून त्याच दिवशी पाठवल्या. पाकिटावर 'वस्तू' असा रकाना असतो. तिथे केस हे अक्षर लिहायचं होतं, चौदा रेघांचं, आणि मी नेहमीप्रमाणे खालची गडबड केली. लेकीने पेन हातातून घेऊन नीट केलं.

रात्री आईला फोन लावला. कॅमेरा चालू केला तर ती काहीच बोलेना. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मागं वळ."

वळले.

"मान खाली घाल."

घातली.

"आहे. तीळ आहे अजून. तू सहा महिन्यांची होतीस तेव्हापासून पाहिला नव्हता."

माझ्या मानेवर तीळ आहे हे मला माहीतच नव्हतं. मी फोन मागे नेऊन फोटो काढायचा प्रयत्न करत होते, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "आणि डावीकडे जरा तिरके कापलेत. उद्या जाऊन सांग त्याला."