स्वर्गमंदिर राहिलं बाजूला

ग्रेट वॉल झाली, फॉरबिडन सिटी झाली. दोन्हीकडे मनसोक्त धक्के खाल्ले, फोटो काढले, विषय संपला. बीजिंगमध्ये मी खरी रमले ती टेंपल ऑफ हेवनच्या, म्हणजे स्वर्गमंदिराच्या बागेत, आणि तीही मंदिरामुळे नाही.

बाग उघडते सकाळी सहा-साडेसहाला, मंदिर आठला. टूर मॅनेजरने आम्हाला आधीच पूर्वेच्या दरवाज्यातून आत सोडलं आणि "तोवर पाय मोकळे करा" म्हणून तो फोनवर बोलत बसला. थोडं पुढे गेलो तर भलंमोठं व्यायामाचं मैदान, आणि त्यावर सगळी आजी-आजोबा मंडळी! पिशव्या, जाकिटं दांड्यांना अडकवलेली. सत्तरीपुढचे एक आजोबा डबल बारवर हात टेकून पाय झुलवत होते. दुसऱ्या एकांनी छातीएवढ्या उंच दांड्यावर टाच ठेवली होती आणि तशाच अवस्थेत शेजाऱ्याशी निवांत गप्पा चालल्या होत्या.

आईने नेहमीप्रमाणे गुडघ्याचं कारण काढलं. "तू जा गं, मी बसते इथे." बसली खरी, पण समोरच्या आजींनी खुणेनेच तिला उठवलं, हवेत चालायच्या यंत्रापाशी नेलं, तिचे हात दांडीवर ठेवले आणि शेजारच्या यंत्रावर स्वतः चढल्या. त्याला ना मोटर, ना वजनं लावायची भानगड. आपल्याला झेपेल तेवढेच पाय हलवायचे. भाषा शून्य, तरी दोघी हसत होत्या.

असली यंत्रं चीनभर दिसतात. बरीचशी सरकारी क्रीडा लॉटरीच्या पैशातून बसवलेली. पण नुसत्या यंत्रांनी म्हातारी माणसं घराबाहेर पडत नाहीत. इथे मेट्रो दाराशीच, रस्ते सपाट, शेकडो वर्षांच्या सुरूसारख्या झाडांची सावली. दमलात तर छत असलेली लांबलचक वाट आहे. सम्राटाच्या पूजेचा नैवेद्य पूर्वी त्या वाटेने न्यायचे. १९१८ मध्ये बाग सर्वांना खुली झाली आणि आता तिथे पत्त्यांचे डाव आणि गाणी रंगतात. म्हणजे विसाव्यालाही सोबत. रोज येणाऱ्यांकडे पास असतो, त्यामुळे तिकिटाची कटकटही नाही.

आमच्या कॉलनीतल्या बागेतली ओपन जिम आठवली आणि चिडचिड झाली. यंत्रं भर उन्हात, तोंडं कुंपणाच्या भिंतीकडे, बाक पार दुसऱ्या टोकाला. नगरसेवकांच्या नावाची पाटी मात्र दणदणीत. शिवाय संध्याकाळी त्यावर पोरं झोके घेतात, मग एखादी आजी चढणार कशी?

आठ वाजले आणि मॅनेजरचा झेंडा हलायला लागला. आई म्हणाली, "तुम्ही बघून या मंदिर, मी इथे बरी आहे." तो ऐकेना. १४२० सालचं ते मंदिर मग आम्ही अक्षरशः पळत पाहिलं, कारण पुढे रेशमाच्या कारखान्यात पोचायचं होतं. तिथे दोन तास! कोणाला हव्या होत्या त्या रजया? टूर ज्येष्ठांची म्हणून विकतात, तर बुकिंग करतानाच विचारून ठेवा, बागेला किती वेळ देणार. मी आता लेखी घेणार आहे.