सेमीफायनलच्या तोंडावर आलेली तक्रार आणि आमची कमिटी – माझा अनुभव

ज्यांनी टेनिस बॉल क्रिकेट फक्त गल्लीत बघितलंय त्यांना आधी सांगते, आमच्या पिंपरी-चिंचवडच्या बाजूला लीग म्हणजे मोठं प्रकरण असतं. प्लेयरचं ऑक्शन होतं, प्रत्येक टीमला ओनर असतो, यूट्यूबवर लाइव्ह, मराठी कॉमेंट्री, डीजे, मॅन ऑफ द सिरीजला बाईक. मी खेळत नाही. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत एचआरला आहे, तिथल्या पॉशच्या (कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) कमिटीवर काही वर्षं काम केलंय आणि भाऊ लीगच्या आयोजकांत आहे, एवढाच माझा संबंध. ओळख पटेल असं सगळं गाळलंय किंवा बदललंय, त्यामुळे टीम कुठली नि प्लेयर कोण हे कुणी विचारू नका.

तर झालं असं की सेमीफायनलच्या आठवड्यात, स्कोअरिंगला बसणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीनं तक्रार दिली. एका टीमचा आयकॉन प्लेयर, म्हणजे टीमचा स्टार, रात्री-अपरात्री मेसेज करतो, "दादा, स्कोअरचं काही असेल तर ग्रुपवर टाका" असं सांगूनही थांबत नाही आणि एकदा मॅचनंतर पार्किंगपर्यंत मागं आला. भावाचा फोन आला, "ताई, तू ये जरा, इथं सगळे नुसते ओरडतायत."

गेले तर खरंच ओरडत होते. पाच जणांची कमिटी, सगळे पुरुष. त्यातला एक जण ज्याच्यावर तक्रार आहे त्याच्याच टीमचा ओनर, आणि दुसरा सेमीफायनलला त्यांच्याच विरुद्ध खेळणारा ओनर! पहिल्याचं म्हणणं, हे मैदानाबाहेरचं आहे, पोरगी पोलिसात गेली नाही, आपला काय संबंध, फायनल होऊ द्या मग बघू. दुसऱ्याला अचानक स्त्री-सन्मानाचा एवढा पुळका आला होता की त्याला त्याच रात्री आजीवन बंदी पाहिजे होती. कुणाला घाई आहे आणि कुणाला अजिबात नाही हे पॉइंट टेबल बघूनच कळत होतं.

आणि मधल्या मार्गवाल्यांनी काय तोडगा काढला असेल? "त्या मुलीला या वीकेंडला सुट्टी देऊ, मानधन पूर्ण देऊ, विषय शांत होईल." हे अगदी चांगल्या मनानं बोललेले लोक होते हं, वाईट नव्हते. पण तक्रार तिनं केली आणि मैदानातून बाहेर तीच. ऑफिसातसुद्धा सगळ्यात आधी हेच सुचतं, तिची बदली करा म्हणून. कायद्यात चौकशी चालू असताना बदली किंवा रजा देता येते, पण ती बाईनं स्वतः लेखी मागितली तर. इथं तिनं मागितलीच नव्हती, तिला स्कोअरिंग करायचं होतं.

मग मोबाईल काढून एकेकानं दाखले द्यायला सुरुवात केली. क्रिकेटवाल्या माणसांना कायदा माहीत नसला तरी किस्से सगळे पाठ असतात. एक म्हणाला, हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुलला टीव्ही शोमध्ये बायकांबद्दल नको ते बोलले म्हणून २०१९ ला ऑस्ट्रेलियातून परत पाठवलं की, मग आपण का नाही? बरोबर आहे, पण तिथं पुढं काय झालं ते बघा. आधी निलंबन केलं, मग चौकशी करायला बोर्डाचा लोकपालच नेमलेला नाही म्हणून निलंबन उठवलं, आणि शेवटी एप्रिलमध्ये लोकपाल म्हणून नेमलेल्या डी. के. जैन यांनी दोघांना प्रत्येकी २० लाखांचा दंड केला, त्यातले १० लाख ड्युटीवर जीव गेलेल्या निमलष्करी जवानांच्या विधवांना आणि १० लाख अंध क्रिकेटसाठी. पैसे चांगल्या कामाला गेले, ठीक आहे. पण आधी शिक्षा आणि मग ती कोण ठरवणार याची शोधाशोध, हा उलटा कारभार झाला. आणि ते जे बोलले ते अख्ख्या देशानं ऐकलं होतं, पुराव्याचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडं होता.

दुसऱ्यानं गुणतिलकाचं काढलं. श्रीलंकेचा तो बॅट्समन, २०२२ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपच्या वेळी सिडनीत लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून अटक झाली, बोर्डानं लगेच निलंबित केलं आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या कोर्टानं निर्दोष सोडला. "बघा, सुटला ना, मग त्याचं वर्ष कोण भरून देणार?" हा प्रश्न मला खोटा वाटत नाही, आजही नाही. पण एवढा गंभीर आरोप कोर्टात उभा असताना त्याला देशाच्या जर्सीत खेळवत राहायचं, हेही मला पटत नाही.

मी त्यांना ऑस्ट्रेलियातल्याच रग्बी लीगचा नियम सांगितला, एनआरएलचा, कारण ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी मी तो वाचला होता. २०१९ ला त्यांनी ठरवलं की ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ११ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा आहे तसा आरोप पोलिसांनी लावला तर प्लेयर आपोआप बाजूला, पण पगार पूर्ण. त्याचा अर्थ दोषी असा नाही, बाजूला म्हणजे फक्त बाजूला. जॅक डी बेलिन नावाचा प्लेयर या नियमात सापडला, तो फेडरल कोर्टात गेला, तिथं हरला. मग त्याचा मूळ खटला दोनदा चालला, बहुतेक आरोपांवर ज्युरीचं एकमत होईना, शेवटी २०२१ मध्ये उरलेले आरोप मागं घेतले आणि तो परत खेळायला लागला. पगार मिळाला पण ऐन उमेदीची वर्षं गेलीच की. म्हणजे पैसे देऊनही प्रश्न पूर्ण सुटत नाही, बाजूला ठेवलं तर चौकशी पटापट संपवायची जबाबदारी पण घ्यावी लागते, नाहीतर बाजूला ठेवणं हीच शिक्षा होऊन बसते.

हे सगळं बोलता बोलता रात्रीचे बारा वाजून गेले, चहाचे कप टेबलावर तसेच. शेवटी माझं म्हणणं एवढंच होतं की आज आपण हा माणूस कसा आहे ते ठरवत नाही आहोत, शनिवारी मैदानात कोण येणार ते ठरवतोय. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसऱ्याचं उत्तर आजच द्यावं लागतं, काहीच केलं नाही तरी तेसुद्धा उत्तरच आहे. मग ठरलं ते असं. प्लेयर चौकशी संपेपर्यंत मैदानात येणार नाही, ऑक्शनचे त्याचे पैसे पूर्ण मिळणार, त्याच्या टीमला बदली प्लेयर मिळणार, ग्रुपवर कारण लिहायचं नाही आणि कॉमेंट्रीतून कुणी टोमणे मारायचे नाहीत. दोन्ही ओनर कमिटीतून बाहेर. त्यांच्या जागी एक रिटायर्ड अंपायर सर आणि ओळखीतल्या एक वकील मॅडम आल्या.

मुलीला आम्ही लेखी दिलं की तू पोलिसात जाऊ शकतेस, नकार दिल्यावरही पुन्हापुन्हा असा संपर्क करणं न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येऊ शकतं, आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडंही जाऊ शकतेस. पॉश कायद्याच्या व्याख्येत स्टेडियम आणि स्पर्धेची जागासुद्धा कामाची जागा म्हणून धरलीय हे तिथल्या एकालाही माहीत नव्हतं. ती म्हणाली, आधी तुम्ही बघा, घरी पोलीस नको.

चौकशी अंपायर सरांच्या घरी, हॉलमध्ये. मुलगी आत्याला घेऊन आली. स्क्रीनशॉट होतेच पण वकील मॅडम म्हणाल्या स्क्रीनशॉट नको, फोन दाखव, आणि चॅट वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी वाचलं. रात्री पावणेएक, "झोपलीस का". खाली तिचं ते दादावालं उत्तर. दुसऱ्या दिवशी परत, "राग आला का", मग तिचा डीपी छान आहे म्हणून, मग एक हसणारा इमोजी, मग परत. शिवी एक नाही, घाण शब्द एक नाही. एक मेंबर म्हणाला, यात वाईट काय लिहिलंय? त्यावर अंपायर सर, जे तोपर्यंत एक शब्द बोलले नव्हते, ते म्हणाले, "वाइडला पण शिवी नसते, तरी तो वाइडच."

प्लेयरला दुसऱ्या दिवशी बोलावलं, तक्रारीची कॉपी दिली, वाचायला वेळ दिला. तो आधी म्हणाला मित्रानं फोन घेतला होता, मग म्हणाला मस्करी होती. तीन वेगवेगळ्या रात्रींचे मेसेज मित्र कसा करेल याला उत्तर नव्हतं. पार्किंगचं मात्र त्यानं ठाम नाकारलं, त्याची बाईक त्याच बाजूला लागलेली असायची, आणि दुसरं कुणी बघणारं नव्हतं. तिथं आम्ही लिहिलं की हे सिद्ध झालं नाही. आत्या चिडली माझ्यावर, म्हणजे आमची पोरगी खोटं बोलते का? मी म्हटलं, काकू, तसं नाही, आमच्याकडं एवढंच दिसतंय जेवढं दाखवता आलं. त्यांना पटलं नाही आणि मला तो भाग अजून जड जातो. पण जे दिसलं नाही ते पण धरून शिक्षा दिली असती तर मेसेजचं जे सिद्ध झालं होतं तेही लोकांनी उडवून लावलं असतं.

निकाल, हा सीझन आणि पुढचा सीझन आमच्या लीगमध्ये खेळायचं नाही. माफीनामा लिहून घ्यावा असं दोघांचं मत होतं, मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "मला त्याचं काहीच नको, फक्त माझा नंबर ज्या ज्या ग्रुपवर आहे तिथून त्याला काढा." तेवढंच केलं. सेमीफायनलला स्कोअरिंग तिनंच केलं. त्याची टीम त्याच्याशिवाय जिंकली आणि फायनल हरली. त्याचा दोष अजूनही काही लोक मला देतात, त्याला इलाज नाही.

आणि तो? पुढच्याच महिन्यात दुसऱ्या तालुक्यातल्या लीगमध्ये खेळताना यूट्यूबवर दिसला, लागोपाठ दोन सिक्स मारले, कॉमेंटेटर वेडा झाला होता. आमची बंदी आमच्या हद्दीपुरती. बीसीसीआयसारखं वर कुणी बसलेलं टेनिस बॉल क्रिकेटमध्ये नाही, प्रत्येक मैदानाचा राजा वेगळा. लीगा एकमेकांत नावं देत फिरल्या तर तेही मला नको वाटतं, कारण मग सिद्ध झालेलं आणि नुसती कुजबुज एकाच यादीत जाईल.

या वर्षी ऑक्शनच्या आधीच ओनरच्या फॉर्मला एक पान जोडलं. तक्रार आली तर कोण ऐकणार, प्लेयर कधी बाजूला, पैसे मिळणार, किती दिवसांत निकाल, अपील कुणाकडं. त्यावर एका नव्या ओनरनं सही करता करता विचारलं, "आणि फायनलच्या आदल्या रात्री मुद्दाम कुणी माझ्या आयकॉनवर खोटी तक्रार टाकली तर?" मी म्हटलं, शेठ, तक्रार वाचून कमिटी त्याच रात्री ठरवेल, बाजूला ठेवला तर बदली प्लेयर मिळेल, पैसे कुठं जात नाहीत आणि मुद्दाम खोटी निघाली तर टाकणाऱ्यावर कारवाई आहे, पान उलटा. त्यांनी पान उलटलं, बोट ठेवून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बदली प्लेयर त्याच ग्रेडचा पाहिजे, ते पण लिहा." आम्ही पेनानं तिथंच लिहिलं आणि बाजूला सगळ्या ओनर्सच्या सह्या घेतल्या.