रविवारात मावेल तेवढी जीप

आमच्या जीपला सोमवारी सकाळी सात वाजता चालू व्हावंच लागतं. मी पाटणला राहतो आणि शाळा वर पठारावर, सडावाघापूरच्या बाजूला. मुक्कामी एसटी सकाळी वरून खाली येते, मला सकाळी खालून वर जायचं असतं. शनिवारी सकाळची शाळा. म्हणजे गाडी उघडून बसायला आठवड्यातला एकच दिवस उरतो, तोही नऊपासून दिवेलागणीपर्यंत. जुन्या जिपांचे शौकीन असतात, त्यांच्या गाड्या सहा-सहा महिने विटांवर चढवलेल्या असतात आणि ते रोज संध्याकाळी जाऊन त्यांच्याकडे प्रेमानं बघून येतात. ती मजा निराळी. माझी गाडी विटांवर गेली तर चौथीचा वर्ग बसून राहतो.

त्यामुळे आमच्याकडे दुरुस्तीचं मोजमाप रुपयांत होत नाही. मी काहीही सुचवलं की मिस्त्री आधी एकच विचारतात, "सर, रविवारात बसंल का?"

गाडी महिंद्राची एमएम ५४०, १९९४ सालची. आधी एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होती. पंधरा वर्षं उसाच्या नोंदी करत पाणंदीपाणंदीनं फिरली आणि २००९ साली लिलावात माझ्याकडं आली. सीट काढली तेव्हा खाली कुणाच्या तरी आडसाली उसाची पावती सापडली. तिचं कूळ थेट दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस या अमेरिकन जिपेपर्यंत जातं. स्वातंत्र्याच्या आसपास मुंबईत विलीसचे सुटे भाग जोडून जिपा तयार व्हायला लागल्या, पुढं त्या इथंच बनल्या. मग डिझेलचे दिवस आले आणि ५४० च्या पोटात फ्रान्सच्या प्यूजोचं इंजिन बसलं: एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, नव्वद मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, २११२ सीसी.

ही वंशावळ मला पाठ आहे ती इतिहासाच्या आवडीनं नाही, पान्यांमुळं. खालची चेसिस आणि अ‍ॅक्सल अमेरिकन घराण्यातले, त्यांचे नट इंचात. वरचं इंजिन फ्रेंच, ते मिलिमीटरमध्ये. म्हणजे एकाच गाडीला पान्यांचे दोन संच लागतात. अर्ध्या इंचाच्या नटाला तेराचा पाना बसतो. बसतो म्हणजे फसवतो. गंजलेल्या नटावर दोनदा जोर घेतो आणि तिसऱ्यांदा नटाचे कोपरे गोल करून हातात येतो. मग छिन्नी, हातोडी आणि मिस्त्रींचं मौन. पहिल्या वर्षी माझे निम्मे रविवार नट सोडवण्यातच गेले.

सगळ्यात जास्त रविवार खाल्ले ते पुढच्या चाकांनी. ताशी पन्नासच्या पुढं काटा गेला आणि चाक एखाद्या खड्ड्यावर आपटलं, की स्टिअरिंग असं थरथरायचं की दोन्ही हातांत मावायचं नाही. मिस्त्री म्हणाले, "सर, तिच्या अंगात येतंय." गॅरेजात त्याला वॉबलिंग म्हणतात, पण मला मिस्त्रींचंच निदान पटलं. कारण अंगात यायला निमित्त पुढचं असतं आणि कारण मागचं. निमित्त खड्डा. कारण कुठलंही: झिजलेले टायर, टायरॉडचे, म्हणजे पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे, ढिले एंड, किंवा किंगपिनची, म्हणजे ज्या खिळीवर चाक वळतं तिची, बेअरिंगं. एका रविवारी टायरॉडचे एंड बदलले, अंगात येणं पन्नासवरून साठवर गेलं. दुसऱ्या रविवारी टायरांची अदलाबदल केली, फारसं काही झालं नाही. तिसऱ्या रविवारी किंगपिन उघडल्या. तिथं बेअरिंगखाली कागदासारख्या पातळ शिमा, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, असतात. एक काढली की ढिलेपणा जातो, दोन काढल्या की चाक वळायलाच तयार नसतं. किती जोर लागला की बरोबर, हे काटा लावून ओढून बघायचं असतं. आम्ही मासळीवालीकडून हूकचा ताणकाटा उसना आणला. आठवडाभर गाडीला सुकटीचा वास येत राहिला, पण अंगात येणं थांबलं.

आता सुधारणांविषयी. बरीच मंडळी फार सुचवतात. एकजण म्हणाला, एसी बसवून घ्या. कापडी हूडच्या जीपला एसी बसवला तर मी अख्ख्या पाटण तालुक्याला गारवा देत हिंडेन. इंजिनच बदलून टाका, हा सल्ला तर दर महिन्याला मिळतो. इंजिन रविवारात बदलत नाही आणि आरटीओच्या परवानगीवाचून बदलूही नये. मूळ रचनेत केलेले फेरफार चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलेलं आहे. मी ब्रेकच्या कामाआधीसुद्धा आरटीओत विचारून आलो होतो.

ब्रेकचं काम करणं मात्र भागच होतं. शाळेच्या अलीकडं ओढ्यावर फरशी आहे. आषाढात फरशीवरून वीतभर पाणी वाहतं. जुन्या जिपेला चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे बंद डब्यातले. ड्रममध्ये पाणी शिरलं की ते पटकन बाहेर पडत नाही, मग पेडल दाबा नाहीतर देवाचं नाव घ्या, सारखंच. त्यामुळं फरशी ओलांडली की डावा पाय हलका पेडलवर ठेवून फर्लांगभर जायचं, म्हणजे ब्रेकचे लायनर घासून तापतात आणि सुकतात. ही माझी रोजची पावसाळी पूजा होती. शेवटी पुढं उघड्या चकतीचे डिस्क ब्रेक आणि पेडलचा जोर वाढवणारा बूस्टर बसवायचं ठरवलं. हे काही रविवारात बसणारं नव्हतं, दिवाळीची सुट्टी लागली. बसवून झाल्यावर पहिल्याच उतारावर ब्रेक दाबला, गाडीनं असं नाक टेकलं की मागच्या स्प्रिंगपाट्यांचे सगळे बुश एकदम कण्हले. ते आधीपासून गेलेलेच होते, पण ब्रेकच इतका सुस्त होता की त्यांच्यावर बोलायची पाळी आली नव्हती.

सगळ्यात स्वस्तातली आणि सगळ्यात जास्त उजेड पाडणारी सुधारणा म्हणजे दिव्यांचा रिले, स्विचच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह जोडणारी छोटी डबी. धुक्यात दिवे मिणमिणायचे, मी उगाच महागडे बल्ब आणत होतो. एका रविवारी मीटर लावून बघितलं. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, बल्बपाशी जेमतेम साडेदहा. बाकीचे दोन व्होल्ट वायरीच्या तीस वर्षांच्या प्रवासात आणि स्विचच्या गंजलेल्या जिभेवर संपत होते. बॅटरीपासून थेट जाड वायर टाकली, मध्ये रिले बसवला आणि स्विचला फक्त रिले चालवायचं काम ठेवलं. बल्ब जुनेच. दुपारी तीनला काम संपलं आणि मी अंधार पडायची वाट बघत अंगणात बसलो. आमच्या सौभाग्यवती दारातून म्हणाल्या, "अहो, रविवारी तुम्ही गाडीखाली आणि बाकीचे सहा दिवस गाडीत. आम्ही तुम्हाला कुठल्या वारी भेटायचं?"

याला उत्तर नव्हतं. अडचण आणखी वेगळी आहे, ती मी त्यांना सांगितली नाही. जुन्या सुट्या भागांसाठी पुण्याचा जुना बाजार बरा, आणि तो भरतो बुधवारी आणि रविवारी. रविवारी पुण्याला गेलो तर भाग मिळतो पण तो बसवायचा रविवार जातो. बुधवारी जायचं तर उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट बघायची. माझ्या गाडीतला चारही चाकांना जोर जोडणारा फोर-व्हीलचा दांडा अशा एका मे महिन्यातल्या बुधवारी आलेला आहे.

२०२४ साली गाडीच्या नोंदणीचं पुन्हा पाच वर्षांसाठी नूतनीकरण केलं. चेसिसवर कोरलेला नंबर कागद ठेवून पेन्सिलीनं घासून घ्यायचा असतो. मी तारेच्या ब्रशनं मातीचा थर काढायला लागलो. पाटणचा लाल चिखल निघाला, त्याखाली ग्रीस, त्याखाली काळी माती. पठारावर काळी माती नाही. ती उसाची होती.

गेल्या रविवारी पहिल्यांदाच काही काम नव्हतं. मिस्त्री चहा पिऊन गेले. सोमवारी माझ्यासोबत येणाऱ्या बाई म्हणाल्या, "सर, आज गाडी अगदी गप्प आहे हो." मी खुशीत हसलो. दुसऱ्या वळणावर गिअर बदलून क्लच सोडला आणि मागून, नेमकं मधोमध, 'टक्' असं झालं. परत सोडला, परत टक्. प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडं नेणाऱ्या दांड्याचा, सांध्यातला क्रॉस. बाईंना ऐकू आलं नसावं.

येत्या रविवारी मेहुण्याच्या मुलीचं लग्न आहे, विट्याला. सगळे जीपनंच जाणार आहेत. शनिवारी शाळा साडेअकराला सुटते. क्रॉस शनिवारी दुपारात बसंल का, म्हणून मिस्त्रींना विचारून ठेवलंय.