तुम्ही विचारलंत म्हणून: खलनायकाला घाई नसते

सिनेमाच्या गप्पा रंगल्या की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो: काही खलनायक वर्षानुवर्षं डोक्यातून जात नाहीत आणि काही थिएटरच्या दाराशीच विसरले जातात, असं का? विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा उत्तर तयारच असतं. आवाज, डोळे, डायलॉग. हे लागतंच. पण भारदस्त आवाजाचे आणि तांबारलेल्या डोळ्यांचे कितीतरी आले नि गेले.

माझ्या मते लक्षात राहणाऱ्या खलनायकाला घाई नसते. आणि भीती त्याच्या नव्हे, समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसते.

'शोले' (१९७५) मधला गब्बर बघा. तोवर आपण त्याचं नुसतं नाव ऐकलेलं असतं. येतो तेव्हाही आधी दिसतात बूट आणि खडकावरून फरफटणारा पट्टा. रामगढहून हात हलवत परतलेले तीन साथीदार समोर उभे. माणसं तीन आणि गोळ्या सहा ही 'नाइन्साफी' म्हणून तो तीन गोळ्या हवेत उडवतो, पिस्तुलाचं चक्र फिरवतो आणि एकेकावर चाप ओढतो. तिन्ही वेळा नुसता खटका. गब्बर हसत सुटतो, टोळी हसते आणि ते तिघंही हसायला लागतात! मघाशी घशाला कोरड पडलेली माणसं स्वतःच्या मरणाच्या थट्टेत सामील होतात. सरदार हसतोय म्हटल्यावर करणार काय? तेवढ्यात गोळ्या सुटतात. अमजद खानच्या संवादांची पारायणं झाली, पण मला तो प्रसंग आठवतो तो त्या तिघांच्या हसण्यासाठी.

'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' (२००७) मध्ये तर रक्ताचा थेंब न सांडता हेच होतं. पेट्रोल पंपावरचा म्हातारा दुकानदार. हाविएर बार्देमचा शिगुर, थंड डोक्याचा मारेकरी, खाऊन झालेल्या पुडीचा कागद चुरगळून काउंटरवर ठेवतो. तो कागद आपसूक, कुरकुरत उलगडत जातो आणि कॅमेरा निवांत बघत राहतो. मग नाणं उडवून तो म्हाताऱ्याला छापा की काटा ते सांगायला लावतो. पणाला काय लागलंय हे म्हाताऱ्याला धड कळत नाही, आपल्याला कळतं. म्हातारा जिंकतो, तरी आपला श्वास मोकळा होत नाही.

पडद्यावर किती वेळ दिसला याला फारशी किंमत नाही. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' मध्ये नरभक्षक डॉ. हॅनिबल लेक्टर झालेला अँथनी हॉपकिन्स अर्ध्या तासाहूनही कमी दिसतो, तरी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर त्यालाच मिळालं. (हल्ली खलनायकाला दुःखी बालपण जोडायची टूम निघाली आहे. माझी भीती तिथेच संपते. उरते ती कणव.)

आपल्याकडे निळूभाऊ फुल्यांचा 'सामना' मधला साखरसम्राट हिंदुराव. दारूत बुडालेल्या मास्तरला तो स्वतःच्या घरी आणतो, बडदास्त ठेवतो, आपलं साम्राज्य हौसेनं दाखवतो. हा माणूस वाईट आहे हे पटायलाच वेळ लागतो. डॉ. लागूंचा मास्तर मात्र गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल एकच प्रश्न धरून बसतो: मारुती कांबळेचं काय झालं? तो प्रश्न पुन्हा पुन्हा आला की हिंदुरावाचा ऐसपैसपणा सुटत जातो. त्याला घाई व्हायला लागते, आणि तिथून पुढे घाबरायची पाळी त्याची.