वजनकाट्यासमोरची रांग
आज मालवणजवळच्या एका शाळेत नववी-दहावीच्या मुलींची तपासणी होती. वजन करायचं म्हटल्यावर चपला तर निघाल्याच, पण एकीने केसांतला क्लिप आणि कानातलेही काढून मैत्रिणीच्या हातात दिले. "मॅडम, मोठ्यान सांगू नका हां!" दुसरीने सकाळपासून काही खाल्लंच नव्हतं. मोबाइलमधल्या अ‍ॅपने तिला जाड ठरवलंय म्हणे! अहो, १९ वर्षांपर्यंत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) वयानुसार, मुलींच्या वाढीच्या तक्त्यावर बघतात. मोठ्यांचा २५चा आकडा इथे लावायचाच नसतो. वयात येताना अंग भरणारच.

हिमोग्लोबिनचं मात्र कुणीच विचारलं नाही. या वयात १२च्या खाली म्हणजे रक्त कमी, अ‍ॅनिमिया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के त्यात निघाल्या. आठवड्याची निळी लोहगोळी कित्येकींच्या दप्तरातच, का तर "मळमळता". गोळी जेवणानंतर घ्या, वर लगेच चहा नको, एवढं सांगितलं.

"मॅडम, बांगड्याचा तिखला चलात?" मागून प्रश्न.

चलात म्हणजे? धावात!

पुढच्या वेळी आयांनाही बोलावणार आहे. "काय गो, जाडी झालंस" हे बहुतेक घरातूनच सुरू होतं.